मृताचे राहिलेले काम

एखाद्या घरचा मनुष्य संशयास्पद रीतीने मरण पावला आणि पोलिसांचा तपास थंडावला, तर घरची मंडळी कधी कधी पदरचा पैसा खर्चून खासगी गुप्तहेर नेमतात. या गुप्तहेराजवळ अधिकार असा काहीच नसतो. त्याला कोणास अटक करता येत नाही, की कोणाच्या घराची झडती घेता येत नाही. दारोदार जाऊन प्रश्न विचारावेत, जुने कागद वाचावेत आणि कोणी बोलेल तर ऐकावे, एवढेच त्याच्या हाती असते. अशा मनुष्याविषयी एक नैतिक प्रश्न उद्भवतो: तो बांधलेला कोणाशी? पैसे देणाऱ्याशी, सत्याशी, की मेलेल्या मनुष्याशी?

पहिल्या दोहोंचा निवाडा फारसा कठीण नाही. शोकाकुल घराने बहुधा एक उत्तर आधीच मनाशी धरलेले असते. अमक्यानेच घात केला, असे त्यास वाटत असते. पुरावा निराळ्याच दिशेस बोट दाखवीत असता जो गुप्तहेर त्या घराच्या मनासारखे सांगतो, तो त्यांचेच पैसे घेऊन त्यांनाच फसवितो. परंतु मेलेला मनुष्य वर्तमानपत्राचा बातमीदार असला, म्हणजे तिसरा प्रश्न पुढे येतो, आणि तो अधिक खोल आहे. कारण असा मनुष्य पुष्कळदा स्वतःच कशाचा तरी शोध करीत असता मारला जातो. त्याचा मारेकरी सापडला, म्हणजे त्याचे ऋण फिटले काय?

अमेरिकेतील आरिझोना राज्यात डॉन बोल्स नावाचा बातमीदार होता. ओसाड वाळवंटातील जमिनीचे तुकडे दूरच्या लोकांच्या गळ्यात बांधणाऱ्या ठकांविषयी त्याने पुष्कळ लिहिले होते. २ जून १९७६ रोजी जॉन अ‍ॅडमसन नावाच्या मनुष्याने, काही माहिती देतो असे सांगून, त्यास फीनिक्स शहरातील एका हॉटेलात बोलाविले. तो स्वतः आलाच नाही. बोल्स परत जाण्यास मोटारीत बसला, तोच तिच्या खाली लावलेल्या डायनामाइटचा स्फोट झाला. शुद्ध हरपण्यापूर्वी त्याने अ‍ॅडमसनचे नाव उच्चारले. दोन्ही पाय व एक हात गमावून तो अकरा दिवसांनी, १३ जून रोजी, मरण पावला. तो ४७ वर्षांचा होता.

त्यानंतर निरनिराळ्या २८ वर्तमानपत्रांचे व प्रसारण संस्थांचे मिळून ३८ बातमीदार आरिझोनात जमले. बॉब ग्रीन नावाचा अनुभवी बातमीदार त्यांचा पुढारी होता. त्यांनी पहिल्यानेच असे ठरविले की, आपण खुन्याच्या पाठीस लागावयाचे नाही. बोल्स ज्याचा शोध करीत होता, तो शोध पुरा करावयाचा. बातमीदार मारला तरी बातमी मरत नाही, हे त्यांस दाखवावयाचे होते. १९७७ साली त्यांची २३ लेखांची माला प्रसिद्ध झाली. आश्चर्य हे की, बोल्सच्या स्वतःच्याच वर्तमानपत्राने ती छापण्याचे नाकारले. आणि पुढे अब्रुनुकसानीच्या फिर्यादींस या बातमीदारांच्या संघास तोंड द्यावे लागले. मृताचे काम उचलणे म्हणजे त्याचा धोकाही उचलणे होय.

कोणी म्हणेल, मग खुनी मोकळा सोडावा की काय? मुळीच नाही. परंतु ते काम न्यायालयाचे, आणि त्यास धीर लागतो. अ‍ॅडमसनने गुन्हा कबूल केला व त्याच्या साक्षीवरून १९७७ साली दोघांना देहान्ताची शिक्षा झाली. १९८० साली वरिष्ठ न्यायालयाने ती रद्द केली. कारण आरोपींच्या वकिलास त्या साक्षीदाराची उलटतपासणी पुरतेपणी करू दिली नव्हती. १९९३ साली पुन्हा निकाल झाले, तेव्हा त्या दोघांपैकी एक दोषी ठरला आणि दुसरा खुनाच्या आरोपातून सुटला. पहिला निकाल घाईने अमलात आला असता, तर हा दुसरा मनुष्य परत कोठून आणावयाचा होता? म्हणून ज्याचा क्रोध खरा आहे, त्याने आपल्या खात्रीवर अधिकच पहारा ठेवावा.

मोशेच्या नियमशास्त्रात या विषयास लागू पडणारी एक आज्ञा आहे. रानात कोणी मारलेला आढळला आणि मारेकरी कळला नाही, तर प्रेतापासून सभोवारच्या गावांपर्यंतचे अंतर मोजावे, आणि जे गाव सर्वांत जवळचे त्याच्या वडील मंडळीने पुढे येऊन जाब द्यावा. खून त्या गावाने केला असे ती आज्ञा म्हणत नाही. पण आमचा काही संबंध नाही, असेही ती म्हणू देत नाही.

वाचकहो, गुप्तहेर शेवटी आपल्याच दारी येतो. त्याची सगळी विद्या कोणा शेजाऱ्याच्या एका वाक्यावर अडून राहते: मी त्या रात्री अमुक पाहिले. ते वाक्य भयाने गिळले गेले, म्हणजे तपास थंडावतो, आणि मग आपणच म्हणतो, पोलिसांनी काही केले नाही. मेलेल्याचे राहिलेले काम ३८ जणांनी उचलले, ही मोठी गोष्ट खरी; परंतु आपण जे पाहिले ते न वाढविता व न घटविता सांगणे, हा त्या कामातला आपला वाटा आहे. तो उचलण्यास कोणी पैसे देऊन नेमण्याची वाट पाहावयाची काय?