साथ आणि स्पर्धा

पाइप बँडमध्ये ड्रम वाजविणाऱ्या माणसाच्या आयुष्याचा विचार करू लागले म्हणजे एक जुना प्रश्न नव्या रूपाने समोर उभा राहतो. ज्याचे कामच दुसऱ्याची साथ करण्याचे, त्याने स्पर्धा कोणाशी करावयाची? आणि ती जिंकली, तर जिंकले कोण?

चंदीगडात राहणाऱ्यांना हा विषय वाटतो तितका परका नाही. प्रजासत्ताकदिनी सतराव्या सेक्टरातील परेड मैदानावर बँड वाजतातच. पण एरवीही पंजाबात बॅगपाइप पलटणीच्या बाहेर पडून केव्हाच गावात शिरलेला आहे. निवृत्त सैनिकांचे ‘फौजी बँड’ वरातीपुढे चालतात, गुरुपर्वाच्या नगरकीर्तनातही दिसतात, आणि लोक त्या वाद्याला सरळ ‘बीन बाजा’ म्हणतात. साहेबाच्या वाद्याचे हे घरजावईपण मोठे गमतीचे आहे. आपल्या मराठा पलटणींतही पाइप आणि ड्रम आहेतच. मात्र मैदानावर काय किंवा वरातीत काय, बघणाऱ्याचे डोळे पाइपवाल्याकडे लागलेले असतात. ड्रमवाल्याकडे लक्ष जाते ते त्याचा ताल चुकला तर.

वास्तविक ही उपेक्षा अन्यायाची आहे. बॅगपाइपच्या प्रमुख नळीतून नऊच स्वर निघतात. ते लहानमोठे करता येत नाहीत आणि दोन स्वरांमध्ये क्षणाचा विराम घेण्याचीही सोय नाही. एकदा सुरू झाला की तो एकाच उंचीवर वाहत राहतो. त्या अखंड प्रवाहाला चढउतार आणावयाचे, कुठे कुजबुज तर कुठे गर्जना भासवावयाची, हे काम ड्रमचे. गतीचा आरंभही तोच करतो. तीन-तीन मात्रांचे दोन घुमारे ड्रमवर निघतात आणि त्यांच्या आधाराने सगळे पाइप एकदम सुरू होतात. म्हणजे पहिला शब्द त्याचा, आणि तेथून पुढे सारे आयुष्य दुसऱ्याचे ऐकण्यात!

असा साथीदार आपल्याला अपरिचित नाही. अहमदजान थिरकवाँसारखा तबल्याचा सम्राट गंधर्व नाटक मंडळीत नटांच्या पदांना साथ करीत असे. वसंतराव आचरेकर कुमार गंधर्वांबरोबर वर्षानुवर्षे बसले. त्यांना कोणी गुण दिले नाहीत, आणि रसिकांना त्याची उणीवही भासली नाही. स्कॉटलंडात मात्र निराळे घडले. तेथे 1930 मध्ये बँडवाल्यांची संघटना झाली, 1947 पासून जागतिक स्पर्धा भरू लागल्या आणि साथही मापली जाऊ लागली. आज ऑगस्ट महिन्यात ग्लासगोच्या हिरवळीवर बँड वर्तुळ करून, आत तोंडे करून उभा राहतो. प्रेक्षकांच्या वाट्याला पाठी येतात. चार परीक्षक बाहेरून फिरत असतात. त्यांतले दोघे पाइप ऐकतात, एक फक्त ड्रम ऐकतो आणि चौथा एकंदर मेळ ऐकतो. ड्रम पथकाला पारितोषिकही वेगळे असते. यातून असेही घडू शकते की बँड हरतो आणि त्याचे ड्रमवाले जगज्जेते ठरतात.

येथे माझे मन अडखळते. गाणे पडले आणि तबला गाजला, तर त्या तबलजीचे अभिनंदन करावे काय? आपल्यापैकी पुष्कळजण सरकारी कामात आहेत. त्यांना हा प्रश्न समजावून सांगण्याचे कारण नाही. योजना फसली तरी फाइलवरील टिपणी उत्कृष्ट असू शकते, आणि गोपनीय अहवालात टिपणीचेच गुण पडतात. पण स्वतंत्र माप मुळीच नसेल तर काय होते, तेही आपण पाहतो. दुय्यम ठरविलेली कला मग दुय्यमच राहते. तिच्यात जीव ओतण्याचे कारण कोणाला उरत नाही. ड्रमवादन नुसत्या पावलांच्या ठेक्यावरून इतके पुढे गेले, त्याचे बरेचसे श्रेय त्या वेगळ्या परीक्षकाला द्यावे लागेल.

अ‍ॅलेक्स डथार्ट (1925–1986) याचे उदाहरण मला या दृष्टीने फार मोलाचे वाटते. शॉट्स नावाच्या गावच्या बँडचा हा ड्रमवाला. स्वित्झर्लंडमधील बासेल शहराच्या जुन्या ड्रमवादनातून त्याने पुष्कळ घेतले आणि स्कॉटिश वादनाची भाषाच बदलली. स्पर्धा त्याने जिंकल्या, शिष्यही घडविले. परंतु या कलेतील शिकवणे मोठे विलक्षण आहे. शिष्य आधी महिनेन् महिने रबराच्या तुकड्यावर काठ्या चालवितो. उजव्या हाताचे दोन, डाव्या हाताचे दोन, प्रथम सावकाश, मग हळूहळू जलद. हेतू हा की पुढे आठदहा जण एकत्र वाजवू लागले असता एकच जण वाजवीत आहे असे वाटावे. स्वतःचा हात ओळखू आला तर तो दोष! चित्रकाराच्या किंवा गवयाच्या शिष्याला असे सांगितले, तर तो गुरूला सोडून जाईल.

मग माणसाचे स्वत्व गेले कोठे? शिस्तीने ते चिरडले, असे म्हणणे सोपे आहे, आणि वाद्याचा पलटणीतील पूर्वेतिहास पाहता त्यात काही तथ्यही असेल. पण डथार्टने रचलेले बोल आजही वाजविले जातात, आणि जाणकारांना ते ऐकताच रचनाकार ओळखू येतो. आघात करताना त्याने स्वतःला पुसून टाकले. रचताना मुळीच पुसले नाही. दहा हातांनी एक व्हावे, पण काय वाजवून एक व्हावे हे कोणा एकाला सुचावेच लागते. शिक्षकाच्या कामाला परीक्षक नसतो. त्याचे शिष्य पारितोषिक घेऊन येतात, तेव्हा तो वर्तुळाच्या बाहेर असतो. तरीही त्याच्याइतके आत दुसरे कोणी नसते, असे मला वाटते.

ड्रमवाल्यांची एकट्याची जागतिक स्पर्धाही होते. परंतु तेथेही त्याला एकट्याने वाजविता येत नाही. तो आपल्याबरोबर पाइपवाला घेऊन येतो. गत तो पाइपवालाच वाजवितो, सुरांचा भार सारा त्याच्यावर असतो. आणि त्या दिवशी त्याला गुण नसतात.