पेडल कडक लागलं, म्हणजे झालं?

इकडे ये. पाना खाली ठेव, हात पूस आणि सरळ उत्तर दे. सकाळी ती पांढरी गाडी तू मला 'ओके' म्हणून दिलीस. कशाच्या जोरावर? पेडल कडक लागलं म्हणून?

मी ती मागच्या मैदानात नेली. पहिले तीन ब्रेक सुरेख लागले. चौथा मुद्दाम खडीवर जोरात दाबला. चाकं घसरायला लागली, एबीएस जागं झालं, पायाखाली पेडल थरथरलं. आणि त्याच्या पुढच्या ब्रेकला तेच पेडल चार बोटं खाली गेलं. ओल्या स्पंजवर पाय ठेवल्यासारखं. मैदान होतं म्हणून निभावलं. खंबाटकी घाटाचा उतार असता तर? मागच्या सीटवर पोरंबाळं असती तर?

"उस्ताद, चारही चाकांची एअर काढली होती." काढली होतीस, मी कुठं नाही म्हणतोय? पण जिथली काढायला हवी होती तिथली काढलीस का? आणि हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. नवख्या पोराच्या हातून झालं असतं तर मी त्याला शेजारी बसवून शिकवलं असतं. परवा तूच त्याला खडूनं फरशीवर चित्र काढून समजावत होतास. प्रत्येक चाकाला दोन व्हॉल्व्ह. कॅलिपरकडे जाणारा एरवी उघडा, परत सोडणारा एरवी बंद. साधं पंपिंग केलं की ऑइल उघड्या वाटेनं सरळ चाकाकडे जातं. बंद व्हॉल्व्हच्या पलीकडे साठवणीचा छोटा कप्पा आणि परतीचा पंप. तिथं शिरलेली हवा जागची हलत नाही, मग चाकाच्या निप्पलमधून तू लिटरभर ऑइल काढ नाहीतर दोन लिटर. एबीएस चालू झालं की तो बंद व्हॉल्व्ह उघडतो, पंप फिरतो आणि दडून बसलेली हवा मुख्य लाइनीत येते. म्हणजे ब्रेक दगा कधी देणार? माणसानं जीव वाचवायला पाय दाबला असेल, नेमका तेव्हाच. हे तुझेच शब्द होते ना? मग स्वतःच्या हातातल्या गाडीला ते लागू नाहीत?

स्कॅनर का लावला नाहीस? "दुसऱ्या गाडीला लावला होता." मागून घ्यायला तोंड नव्हतं? स्कॅनर व्हॉल्व्ह उघडझाप करतो, पंप फिरवतो, लपलेली हवा बाहेर ढकलतो. त्यानंतर चारही चाकांची एअर हातानं परत काढायची. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. ते टाळलंस आणि वर साधनावर खापर फोडतोस. नाचता येईना अंगण वाकडं!

"एबीएसचा दिवा तर लागला नव्हता." ही सबब मला सगळ्यात जास्त लागली. तो दिवा काय बघतो? सेन्सर, वायरिंग, पंपाची मोटर, व्हॉल्व्हची कॉइल. पाइपातला बुडबुडा त्याला दिसत नाही. हे तुला पाठ आहे. तरी दिवा विझलेला बघून तू स्वतःची समजूत घातलीस. गिऱ्हाइकाला फसवण्याआधी स्वतःला फसवलंस, आणि ते फार सहज जमलं तुला.

आता मुळाशी ये. हवा एबीएसच्या मॉड्युलेटरपर्यंत गेलीच कशी? ब्रेक ऑइलची डबी रिकामी झाली म्हणून. पुढचा होज बदलताना खाली ऑइल ठिबकत होतं आणि तू फोनवर होतास. मी पाहिलं. दर पाच-सहा पंपिंगला डबीत डोकवायचं, एवढंच तर काम. तेही जमलं नाही? आणि पेडल मारणारा पोरगा निप्पल बंद व्हायच्या आत पाय सोडत होता. नळीत आलेला बुडबुडा पुन्हा आत जाताना तुला दिसला नाही? त्याला 'दाब, धर, सोड' असं मोठ्यानं सांगायची लाज वाटते का?

ऑइल कुठलं ओतलंस ते सांग. टेबलाखालचा तो अर्धा डबा? झाकण सैल, कधी उघडला कुणास ठाऊक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी ओढलेल्या ऑइलची मर्यादा १५५ वर येते. घाटात कॅलिपर तापला की त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. एकीकडून हवा काढायची आणि दुसरीकडून तिचीच सोय करायची, हा कुठला धंदा?

"तुम्हीच तर पंपिंग शिकवलंत." शिकवलं. पद्मिनीवर शिकवलं, अँबॅसिडरवर शिकवलं. त्या गाड्यांत हवेला लपायला जागाच नव्हती. एबीएस १९७८ साली मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आलं, तेव्हा ती मोठ्यांची चैन होती. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून ते नव्या मोटारींना सक्तीचं झालं. आता दारात येणारी साधी गाडीही एबीएसची असते. एअर काढताना लांबचं चाक आधी, हा जुना नियमसुद्धा सगळ्या गाड्यांना चालत नाही. मॅन्युअल उघडून क्रम बघायचा. वाचता येतं ना तुला? या गॅरेजात सगळ्यात चांगलं तूच वाचतोस.

तुझा हात चांगला आहे. आवाजावरून बेअरिंग ओळखतोस. म्हणूनच बोलतोय. ज्याच्याकडून आशा नाही त्याच्यासाठी मी घसा कोरडा करत नाही. पण तुला कळतं आणि वळत नाही, आणि ब्रेकच्या कामात हे मला चालणार नाही.

तो अर्धा डबा बाजूला काढ. नवा सीलबंद डबा फोड. डबी भर आणि भरलेलीच ठेव. आधी हातानं, मग स्कॅनर, मग परत हातानं, नळीत एकही बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत. गिऱ्हाइकाला मी फोन केलाय, गाडी आज मिळणार नाही म्हणून सांगितलंय. संध्याकाळी त्याच खडीवर ट्रायल घ्यायची. गाडी तू चालवायचीस, मी शेजारी बसणार.