जातें गहाण ठेवूं नये

(शास्त्रपाठ : २ राजे ४:१–७, अनुवाद २४:६)

अलीशा संदेष्ट्याकडे रडत आलेल्या विधवेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तेलाचा चमत्कार सर्वांच्या ध्यानांत राहतो. तिचा नवरा कोण होता हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. तो दारुडा नव्हता, जुगारी नव्हता. तो संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकीं एक होता व देवाचें भय बाळगणारा होता, अशी साक्ष त्याची बायकोच देते. तरी तो मेला तेव्हां मागें कर्ज ठेवून मेला, आणि सावकार त्याच्या दोन मुलांस दास करून नेण्यास दाराशीं येऊन उभा राहिला. आमच्या उपदेशक व शिक्षक बंधूंनीं येथें क्षणभर थांबावें. कर्ज उधळ्याच्याच घरीं येतें असें नाहीं; प्रार्थना करणाऱ्याच्या घरींही तें येतें, आणि तो गेल्यावर त्याच्या लेंकरांना हांक मारतें.

आपल्या मुलखाला हें शिकवावें लागत नाहीं. १८७५ सालीं मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं जो दंगा उसळला, तो पुढें पुणें व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील कित्येक गांवीं पसरला. लोकांचा राग माणसांपेक्षां कागदांवर अधिक होता. सावकारांच्या घरांतून रोखे व खतें हिसकावून तीं जाळण्यांत आलीं. चार वर्षांनीं, १८७९ सालीं, दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साह्यार्थ कायदा झाला आणि खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार काय होता हें पाहण्याचा अधिकार कोर्टांस मिळाला. नजरगहाण, ताबेगहाण, मुदतखरेदी हे शब्द आमच्या आज्यापणज्यांनीं शाळेंत नव्हे, जमीन गमावून शिकले.

आज गहाणाचें रूप पालटलें आहे. शिक्षक, परिचारिका, एस. टी. चा वाहक, थोडीफार बागाईत असलेला शेतकरी, असे आपले लोक बँकेचें कर्ज काढून घर बांधतात. घराचे कागद बँकेच्या तिजोरींत जातात, आणि सातबाऱ्यावर वा मिळकतपत्रिकेवर बोजा चढतो. ह्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु आपण काय देतों व काय घेतों हें आपल्यास कळलें पाहिजे. पांच लाख रुपयांचें कर्ज शेंकडा ९ व्याजानें वीस वर्षांच्या मुदतीनें घेतलें, तर दरमहाचा हप्ता सुमारें ४,४९९ रुपये येतो. पहिल्या महिन्यांत त्यांतील ३,७५० रुपये व्याजांत जातात व मुद्दल फिटतें अवघें ७४९ रुपये. दहा वर्षें एकही हप्ता न चुकवतां भरले, तरी त्या दिवशीं सुमारें ३,५५,००० रुपये देणें उरलेलेंच असतें. वीस वर्षांत एकूण व्याज भरावें लागतें जवळजवळ ५,८०,००० रुपये, म्हणजे मुद्दलापेक्षांही अधिक. हा हिशेब आम्हीं प्रथम मांडून पाहिला तेव्हां आंकडा चुकला असें वाटून पुन्हां मांडला.

ह्याची दुसरी बाजूही आहे. त्याच कर्जावर पहिल्यापासून दरमहा ५०० रुपये अधिक भरले, तर तें वीस वर्षांऐवजीं साडेपंधरा वर्षांत फिटतें, आणि सुमारें दीड लाख रुपये व्याज वांचतें. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतीपूर्वीं फेडल्याबद्दल दंड घेऊं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालींच बँकांस बजाविलें आहे. ठरीव व्याजाचें कर्ज असेल किंवा कर्ज पतसंस्थेचें असेल, तर नियम निराळा असूं शकतो. तो आधीं लेखी विचारून घ्यावा. तेव्हां शक्य त्यानें लवकर मोकळें व्हावें, हें आमचें पहिलें सांगणें. रोमकरांस लिहितांना पौल प्रीतीवांचून दुसरें कोणतेंही ऋण आपणांवर राहूं न देण्याविषयीं सांगतो. तें आम्ही मनापासून मानतों.

येथपर्यंत लिहून थांबतां आलें असतें, आणि कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही थांबलोंही होतों. त्यांत आमच्या हातून जी चूक झाली ती आतां सांगावी लागते.

आमच्या मंडळींतील एका बंधूवर असेंच पांच लाखांचें कर्ज होतें. त्यानें तें वीस वर्षांऐवजीं अकरा वर्षांत फेडलें. म्हणजे ठरलेल्या हप्त्यावर दरमहा सुमारें दीड हजार रुपये त्यानें अधिक भरले. कर्ज फिटल्यावर त्यानें उपासनेंत उभें राहून साक्ष दिली. आम्हीं त्याची पाठ थोपटली, त्याच्यावर उपदेश केला, तरुणांस त्याचा कित्ता गिरवावयास सांगितलें. पुढें एके दिवशीं आम्ही त्याच्या घरीं प्रार्थनेस गेलों. त्याची आई अर्धांगवायूनें अंथरुणास खिळली होती. चहा देतांना त्याची बायको हळूच म्हणाली, “पाळकसाहेब, घर मोकळें झालें तें बरेंच झालें. पण ह्या घरांत आम्ही अकरा वर्षें कसे राहिलों, हें कोणीं विचारलें नाहीं.” मग थोडथोडें कळत गेलें. थोरली मुलगी बारावीनंतर घरीं बसविली होती. सासूबाई रक्तदाबाची गोळी रोज घेण्याऐवजीं एक दिवसाआड घेत होत्या. एका पाकिटांत दोन महिने निघावे म्हणून. बायकोनें दुधाचा रतीब बंद केला होता, आणि ही गोष्ट नवऱ्यास सहा महिने कळलीही नव्हती. आजार गोळ्यांमुळेंच झाला असें कोणी छातीठोक सांगूं शकणार नाहीं. परंतु त्या भावाच्या मनांतून तें जात नाहीं, आणि त्याच्यावर केलेला तो उपदेश आमच्याही मनांतून जात नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं नियमशास्त्र काढून अनुवादाचा चोविसावा अध्याय वाचला. तेथें देव सावकारास मर्यादा घालून देतो. गहाण आणावयास ऋणकोच्या घरांत शिरूं नये, बाहेर उभें राहावें. गरिबाचें पांघरूण गहाण असेल तर सूर्य मावळण्यापूर्वीं तें परत करावें. आणि जातें, किंवा त्याची वरची तळीसुद्धां, गहाण घेऊं नये. कारण तें घेणें म्हणजे मनुष्याचा जीवच गहाण घेणें होय. पूर्वीं आपल्या घरीं पहांटे जात्यावर दळण पडल्यावांचून भाकर होत नसे. आतां गिरणी आली, म्हणून ह्या आज्ञेचा अर्थ कांहीं बदलला नाहीं. जी गोष्ट घेण्यास देव सावकारासही मना करितो, ती त्या बंधूनें आपल्या हातांनीं उचलून दिली. मागणारा सावकार दाराशीं नव्हता. बँकेनें ठरल्या हप्त्यापलीकडे एक पैसाही मागितला नव्हता.

म्हणून जादा हप्ता भरण्यापूर्वीं आपल्या घराचें जातें कोणतें, हें नवराबायकोनें बसून ठरवावें. रोजची भाकर व लेंकरांचें दूध, म्हाताऱ्यांचें औषध, मुलामुलींची शाळा, आणि ज्या साधनावर पोट चालतें तें, मग तें बैल असो, शिवणयंत्र असो कीं पाण्याची मोटार असो, ह्यांना हात लावूं नये. लुगडीं, मोबाईल, लग्नांतला बँडबाजा, नाताळांतील मोठेपणा ह्यांना अवश्य हात लावावा. त्या बाबतींत आमच्या मंडळ्यांची उदारता आम्हांस कधींच समजली नाहीं. हप्ता थकलेला असतो आणि मांडव मात्र वेशीपर्यंत असतो.

औषधपाण्यासाठीं थोडी शिल्लक हाताशीं ठेवणें हेंही जात्यापैकींच आहे. वीस हजार रुपये गांठीस आहेत असें धरा. ते शेंकडा ९ च्या कर्जांत भरले, तर वर्षाचें १,८०० रुपये व्याज वांचतें. पण दुसऱ्याच महिन्यांत कोणी आजारी पडलें आणि तेवढेच वीस हजार खाजगी सावकाराकडून दरमहा शेंकडा ३ नें उचलावे लागले, तर वर्षाचें ७,२०० रुपये व्याज होतें. तीन हा आंकडा नवापेक्षां लहान दिसतो, म्हणून पुष्कळ भोळे लोक फसतात. दरमहा शेंकडा तीन म्हणजे सालीना शेंकडा छत्तीस. ज्याच्यावर अशीं दोन्हीं कर्जें असतील त्यानें बँकेचा ठरला हप्ता तेवढा भरीत राहावें, आणि वरची पै न पै आधीं ह्या महाग कर्जांत घालावी. परवान्यावांचून सावकारी करणें हा महाराष्ट्रांत २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, आणि अवैध सावकारीच्या पायीं हातची गेलेली जमीन परत मिळण्यासाठीं सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करितां येतो. उपदेशकांनीं हें गांवोगांवीं सांगावें. ह्यांत संकोच नको.

आतां पुन्हां त्या विधवेकडे जाऊं. संदेष्ट्यानें तिला प्रथम विचारलें कीं घरांत काय आहे. तिनें सांगितलें, तेलाच्या एका कुपीवांचून कांहीं नाहीं. आपल्यांतील कित्येक घरांत ह्या प्रश्नाचें उत्तर एकट्या नवऱ्यास ठाऊक असतें, आणि कित्येक घरांत त्यासही नसतें. मग शेजाऱ्यांकडून रिकामीं भांडीं आणावयाचीं होतीं, तींही थोडीं नव्हेत. (ही उसनवारी मात्र बिनव्याजी होती!) नंतर दार लावून घेतलें, मुलगे भांडीं पुढें करीत गेले व आई ओतीत गेली. लेंकरांना घरचें देणें ठाऊक होतें आणि त्यांचे हात त्या कामीं लागले होते. आमचा तो बंधु अकरा वर्षें एकटाच ओतीत होता, आणि घरच्यांच्या हातीं केवळ रिकामीं भांडीं होतीं.

शेवटीं अलीशा जें सांगतो तें एकाच दमांत सांगतो: तेल विकून देणें फेडावें, आणि जें उरेल त्यावर तिनें व तिच्या मुलांनीं निर्वाह करावा. देणें अगोदर आहे खरें. पण निर्वाह त्याच वाक्यांत आहे. तो पुढच्या वर्षावर टाकलेला नाहीं. देणें फिटून उरेल इतकें तेल देवानें दिलें, ह्यावरून त्याला दोन्ही गोष्टी पाहिजे होत्या असें आम्हांस दिसतें.

कोणी विचारील, तंगी असतां अर्पणाचें काय करावें? तुझें तूं देवापुढें ठरीव, एवढेंच आम्ही म्हणतों. आणि मंडळीच्या पंचांनीं अर्पणाच्या वहींतील लहान आंकडे मोठ्यानें वाचून दाखविण्याची चाल आजच सोडावी.

कर्ज फिटलें म्हणजे काम संपलें असें समजून कोणी स्वस्थ बसूं नये. बँकेकडून फेडीचा दाखला घ्यावा. २०२३ च्या सप्टेंबरांतील रिझर्व्ह बँकेच्या हुकुमाप्रमाणें, पूर्ण फेड झाल्यापासून तीस दिवसांच्या आंत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या दोषानें उशीर झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई आहे. तो दाखला तलाठ्याकडे, किंवा मिळकतपत्रिका असेल तर भूमिअभिलेख कार्यालयांत देऊन बोजा कमी करून घ्यावा, आणि फेरफार झाल्यावर नवा उतारा काढून डोळ्यांनीं पाहावा. फिटलेल्या कर्जाचा बोजा वर्षानुवर्षें कागदावर तसाच राहिल्याचीं उदाहरणें आम्हीं पाहिलीं आहेत.

त्या बंधूच्या घरीं आम्ही पुन्हां गेलों आणि त्याच्यापुढें आपली चूक कबूल केली. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, हप्त्याची पांच तारीख अजून चुकत नाहीं. त्या दिवशीं तेवढीच रक्कम तो बायकोच्या हातीं देतो, आणि ती कोठें जावी हें ती ठरविते. मुलीचें नांव मुक्त विद्यापीठांत घातलें आहे. आम्ही निघालों तेव्हां दिवेलागण झाली होती. तो आईच्या उशाशीं पाण्याचा पेला घेऊन बसला होता, आणि तिनें गोळी गिळेपर्यंत तेथून उठला नाहीं.