मारिकानाचे मरण कोणाचे?

16 ऑगस्ट 2012 रोजी दक्षिण आफ्रिकेत मारिकाना येथे पोलिसांनी प्लॅटिनम खाणीचे 34 संपकरी गोळ्या घालून मारले. मागणी काय, तर महिना साडेबारा हजार रँड पगार! वर सुमारे 270 जिवंत साथीदारांवरच खुनाचा आरोप ठेवला. ओरड झाल्यावर तो मागे घेतला.

सरकार गोऱ्यांचे असते तर आम्ही लगेच निषेध केला असता. ते मंडेलांच्या पक्षाचे निघाले आणि आमची जीभ अडखळली. आधीच्या आठवड्यात दहा जण मेले, त्यांत दोन पोलीसही होते; त्यांच्या घरचा आक्रोश खराच. पण त्याचा जाब कोर्टात मागायचा, खडकांच्या आडोशाला पळालेल्यांना टिपून नव्हे. मजुरांच्या विधवा चौकशी आयोगात बसून ते मृत्यू पडद्यावर पाहत होत्या, तेव्हाही आम्ही गप्पच होतो.