मातीचा घट आणि शिसवीचा वाडगा

कार्यकारणाचे नाते समजावताना आपल्या दर्शनकारांनी कुंभाराला जितके राबवले तितके दुसऱ्या कोणाला नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की मातीचा एक गोळा ओळखला की मातीचे सारे काही ओळखले. सोन्याचे आणि लोखंडाचेही तो तेच म्हणतो. सांख्यांनी तीळ आणि तेल घेतले, नैयायिकांनी धागे आणि वस्त्र. या दाखल्यांत एक सोय आहे. माती मळलेली असते, सोने वितळलेले, आणि एका तिळाच्या जागी दुसरा तीळ चालतो. द्रव्याला स्वतःचा पूर्वेतिहास नसतो, निदान तो आधीच पुसलेला असतो. म्हणून वाद एवढाच उरतो की घट मातीत आधीपासून होता की नव्याने झाला. कुंभाराच्या जागी लाकूड कातणारा कातारी बसवला असता, तर हा वाद इतका सरळ चालला नसता असे मला वाटते.

शिसवीचा ओंडका घ्या. सालीलगतचे लाकूड फिकट, पिवळसर. आतला गाभा जांभळट तपकिरी, मधूनमधून काळ्या रेघांचा. झाड जगत असते तेव्हा पाणी वर नेण्याचे काम बाहेरचे लाकूड करते. आतल्या पेशी मरतात, त्यांत रंगद्रव्ये साठतात आणि गाभा गडद होतो. म्हणजे वाडग्यातली जी काळी-पिवळी संगत पाहून आपण वाहवा करतो, ती झाडाच्या मेलेल्या आणि जित्या भागांमधली सीमा असते. सागाची वर्तुळे तर वर्षावर्षाची. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावात पश्चिमेला नाणेघाट-भीमाशंकरकडे पावसाचा कहर आणि पूर्वेला त्याच तालुक्यांत कोरडी माळराने. या दोन टोकांच्या सागांची वर्तुळे सारखी येण्याचे कारणच नाही. पण झाडाने ठेवलेली ही पावसाची नोंद म्हणजे अजून नक्षी नव्हे. ओंडक्याचा अक्ष लेथच्या अक्षाशी जुळवला तर वर्तुळे काठाला समांतर फिरतात. ओंडका आडवा लावला तर तळाशी लंबगोल आणि भिंतींवर कमानी उमटतात. पटाशी एक सूत खोल गेली तरी रेघ सरकते. तोच ओंडका, तोच कातारी, आणि वाडगे दोन वेगळे.

यावर सांख्य म्हणेल की यात नवे काय? दोन्ही वाडगे लाकडात होतेच, काताऱ्याने फाजील तेवढे काढून टाकले. योगवासिष्ठात खांबातल्या न कोरलेल्या पुतळीची उपमा येते, ती याच बाजूची वाटते. आक्षेप वजनदार आहे, आणि त्याची परीक्षा पाहायला जुन्नरइतकी चांगली जागा नाही. या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत, आणि लेणे म्हणजे केवळ काढून टाकण्याची कला. चुकून उडालेली कपची परत बसत नाही. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात छताचे वासेसुद्धा दगडातच कोरले आहेत. कार्ल्याला तेच वासे खऱ्या लाकडाचे आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. दगडाला वाशांची गरज नव्हती. तो आकार बेसॉल्टमध्ये दडून बसलेला नव्हता; सुतारांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या वळण पडलेले होते, ते पाथरवटाने डोंगरात नेले. आकार असा एका द्रव्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो, मग तो पहिल्याच्या पोटात होता असे म्हणण्यात फारसा अर्थ राहत नाही. जाऊ शकली नाही ती लाकडाची रेघ. वाडग्यात आकार काताऱ्याचा, नोंद झाडाची, आणि नक्षी दोघांच्या भेटीत पहिल्यांदा जन्मते. ती आधी नव्हती; पण कोणी एकट्याने केली असेही नाही.

अद्वैती दुसरीकडून येईल: रेघा नामरूप आहेत, खरे ते लाकूड. मातीबाबत हे पटते, कारण न भाजलेला घडा भिजवला की पुन्हा चिखल होतो. वाडग्याचा ओंडका होत नाही, आणि रेघा वजा केल्यावर उरणारे निखळ ‘लाकूड’ कुठे दाखवता येत नाही. इथे मला ज्ञानेश्वर जवळचे वाटतात. अमृतानुभवात ते जगाला अज्ञानाचे कार्य मानायला तयार नाहीत, रूप हा त्यांच्या लेखी चैतन्याचा विलास आहे. आणि लाकूड जड, त्याला कसले कर्तृत्व, असे कोणी म्हणेल तर ओल्या लाकडाचा वाडगा कातून ठेवावा. वर्तुळांच्या कडेने लाकूड जितके आक्रसते तितके गाभ्यापासून सालीकडे आक्रसत नाही. त्यामुळे नेमका गोल कातलेला वाडगा सुकता सुकता लांबट होतो. कातारी उठून गेल्यावरही काम चालूच असते. गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे मोजतो: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. ओंडका, कातारी, पटाशी, हाताची चाल; आणि दैवाच्या जागी झाडावर पडून गेलेले पाऊस खुशाल ठेवावेत.

एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. ही भेट झाडाला मारून होते. जिथे झाडाला हात लावत नाहीत अशी एक देवराई आंबेगाव तालुक्यात आहुप्याला आहे. पश्चिम घाटातल्या अशा राया माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी 1970च्या दशकात अभ्यासल्या. अनेक रायांत वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक असे. अशा राईतल्या म्हाताऱ्या झाडाच्या पोटात सुंदर नक्षी कोंडून राहिली म्हणून कोणी हळहळेल, पण माझ्याच युक्तिवादाने ती हळहळ खोटी ठरते. तिथे पावसाची नोंद आहे, मेलेल्या-जित्याची सीमा आहे आणि ती दर पावसाळ्यात बाहेर सरकते आहे. नक्षी तिथे नाहीच.