शाकारलेली नौका

आपल्या वाङ्मयांत नौकेचा दृष्टांत जितका प्रिय आहे, तितकाच तो अपुरा आहे. संसार हा सागर, नाम हें तारूं, गुरु हा तारक आणि पैलतीर हेंच एक गंतव्य, ही कल्पना परंपरेनें आपल्या कानांवर पडत आलेली आहे. परंतु या दृष्टांतांतील नौका एकदांच पाण्यांत जाते आणि एकदांच तीरास लागते; पुढें तिचें काय होतें हें कोणी विचारीत नाहीं. बुद्धाच्या प्रसिद्ध दृष्टांतांत तर पार झाल्यावर तराफा डोक्यावर घेऊन हिंडणारा मनुष्य मूर्खच ठरतो. प्रत्यक्ष दर्यावर्दी मनुष्याची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यास पैलतीर असा नाहींच. त्यास परत यावयाचें असतें, नौका किनाऱ्यावर ओढावयाची असते, आणि ऋतु पालटला म्हणजे तीच नौका सज्ज करून पुनः निघावयाचें असतें. मोक्षाच्या विचारास पहिलें चित्र पुरेसें असेल. नीतीच्या विचारास हें दुसरें चित्रच अधिक उपयोगी आहे असें आम्हांस वाटतें. त्यांतून उद्भवणारा प्रश्न असा कीं, पुनः निघण्याचा अधिकार मनुष्यास कशानें प्राप्त होतो?

हा प्रश्न विचारण्यास ठाण्यासारखें दुसरें स्थळ क्वचितच सांपडेल. ठाणें हें साष्टी बेटाच्या पूर्व कांठावर वसलेलें आहे. एका अंगास ठाण्याची खाडी आणि दुसऱ्या अंगास वसईकडे वाहत जाणारी उल्हास, या दोहोंनीं हें बेट मुख्य भूमीपासून तोडलें आहे. १८५३ च्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्यास आली, पुढील वर्षीं ती खाडी ओलांडून कल्याणास पोंचली, आणि तेव्हांपासून आपण बेटावर राहतों हें ठाणेकर हळूहळू विसरला. आज कल्याण-डोंबिवलीहून सकाळच्या गाडीनें निघालेला मनुष्य रोज खाडी ओलांडून बेटावर येतो व सायंकाळीं बेट सोडून जातो; परंतु ज्यास दाराशीं धड उभें राहण्यासही जागा मिळत नाहीं, त्यास हें भान कोठून असावें?

तें भान पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनीं जागतें ठेविलें ते चेंदणीसारख्या कोळीवाड्यांतील लोक. पाऊस लागण्यापूर्वीं होडी किनाऱ्यावर ओढावयाची, ओंडक्यांचा आधार देऊन ती उभी करावयाची आणि झावळ्यांनीं शाकारावयाची, ही आपल्या सबंध किनाऱ्याची जुनी रीत. घर शाकारतात तशीच नौकाही शाकारतात, हा शब्दप्रयोगच अर्थपूर्ण आहे. पुढें पावसाळाभर जाळीं विणणें व सांधणें चालतें. पाऊस ओसरूं लागला म्हणजे तळाशीं चिकटलेलीं कालवें व शेवाळ खरवडून काढावयाचें, कुजलेली फळी बदलावयाची, सांध्यांत कापूस ठासून भरावयाचा, लाकडास तेल पाजावयाचें, रंग द्यावयाचा. शीड, दोर, वल्हीं, सुकाणूं, नांगर हीं एकेक तपासून पाहावयाचीं. अलीकडे लाकडाची जागा पुष्कळ ठिकाणीं फायबरनें घेतली आणि शिडाची जागा इंजिनानें; कामें पालटलीं, पण काम सुटलें नाहीं. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहतात तो याच्या शेवटीं. या नारळास कोणी प्रार्थना म्हणतात, कोणी भयाची खंडणी म्हणतात. आम्हांस तो हिशेब पुरा केल्याची खूण वाटतो. ज्यानें सांधे तपासले नाहींत त्याचा नारळ समुद्र स्वीकारील, पण त्याच्या होडीची हमी घेणार नाहीं.

यावर कोणी असें म्हणेल कीं, यांत नीतीचा प्रश्नच नाहीं. समुद्र खवळला असतां कोणीही शहाणा मनुष्य होडी घालीत नाहीं. सक्तीच्या विश्रांतीस संयम म्हणणें म्हणजे अन्न न मिळालेल्यास व्रतस्थ म्हणण्यासारखें आहे. आक्षेप वजनदार आहे. परंतु इंजिनें आल्यापासून भर पावसांतही बाहेर पडण्याचें सामर्थ्य मनुष्यास आलें, आणि पूर्वीं समुद्र जें करवीत असे तें आतां कायद्यास करवावें लागलें. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांनीं मासेमारी करूं नये, असा निर्बंध अलीकडच्या वर्षांत आपल्या किनाऱ्यास लागूं आहे. कारण पुष्कळ जातींच्या माशांची वीण याच सुमारास होते. म्हणजे होडी किनाऱ्यावर असते तेव्हां केवळ होडीचीच डागडुजी होत नसते, समुद्राचीही होत असते. सामर्थ्य नसतांना थांबणें ही अगतिकता होय. सामर्थ्य असतांना थांबणें हा संयम होय. इंजिनानें कोळ्यास, आणि कोळ्याबरोबर आपणां सर्वांस, प्रथमच संयमाची संधि दिली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या विचाराची दुसरी बाजू आपल्या इतिहासांत सांपडते. शिवाजी महाराजांनीं १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी घेतली, आणि लौकरच या खाडीकांठीं लढाऊ गलबतें बांधिलीं जाऊं लागलीं. कल्याणचा दुर्गाडी त्या उद्योगाची आठवण देत अद्यापि उभा आहे. पुढें रामचंद्रपंत अमात्यांनीं ‘आज्ञापत्रा’त आरमारासंबंधीं जो विचार सांगितला, त्यांत तोफा व गलबतें यांच्याइतकेंच लांकडाकडे लक्ष दिलें आहे. आंबा व फणस यांचें लांकूडही आरमारास उपयोगी. पण त्या झाडांस हात लावूं नये. कारण तीं वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल, तर धन्यास राजी करून व मोबदला देऊन मगच तें न्यावें. समुद्रावर स्वराज्य उभारणाऱ्या राजनीतीनें किनाऱ्यावरील एका झाडाच्या धन्याची संमति आवश्यक मानावी, यांत मोठें तत्त्व आहे. कोणतीही नौका केवळ नाखव्याच्या बळावर तरंगत नाहीं. तिच्या प्रत्येक फळींत किनाऱ्यावरील कोणाचें तरी ऋण असतें.

परंतु उदरनिर्वाहासाठीं वा राज्यासाठीं नव्हे, तर केवळ आनंदासाठीं जो नौका सज्ज करतो त्याचें काय? कॅरिबियन समुद्रांत जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा ऋतु. त्या काळांत शिडाच्या कितीएक लहान नौका जमिनीवर टेकूंच्या आधारें उभ्या असतात. ऋतु उलटतांच त्यांचे मालक येतात, तळ घासतात, रंगवितात, शिडें चढवितात आणि बेटामागून बेट पाहत महिनेच्या महिने हिंडूं लागतात. वेळापत्रकानें बांधलेल्या आपल्यासारख्यांस हें जीवन पलायन वाटतें. पण त्या निवाड्यांत विवेक किती व मत्सर किती हें तपासून पाहिलें पाहिजे. आनंद हा स्वतः दोष नव्हे. दोष असेल तर तो ऋण नाकारण्यांत आहे.

१९६८-६९ मधील पृथ्वीप्रदक्षिणेच्या सुप्रसिद्ध शर्यतींत याचीं दोन उदाहरणें एकत्र आलीं. बर्नार्ड म्वातेसिए हा फ्रेंच नाविक जिंकण्याचा संभव असतांना शर्यत सोडून, परतीची वाट टाकून, ताहिती बेटाकडे निघून गेला. कीर्ति व धन यांवर त्यानें पाणी सोडलें हें थोरच. पण किनाऱ्यावर त्याची पत्नी वाट पाहत होती, हेंही विसरतां येत नाहीं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन मात्र ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं, निघाला त्याच फाल्मथ बंदरांत परत आला. त्याची ‘सुहैली’ ही सागवानी नौका मुंबईंत बांधलेली होती, ही गोष्ट आपणांस विशेष लक्षांत ठेवण्याजोगी. त्याचेंच मार्गदर्शन लाभलेले कमांडर दिलीप दोंदे हे एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. त्यांचा प्रवास १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१०, म्हणजे नऊ महिन्यांचा. परंतु हें कार्य त्यांनीं पत्करिलें तें २००६ मध्यें. आणि गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यांत ‘म्हादेई’ घडत असतां ते तिच्या बांधणींत गुंतलेले होते. नऊ महिन्यांच्या मोकळ्या समुद्रामागें जमिनीवरील तीन वर्षें आहेत. जगास शीड दिसतें. सांधे ज्याचे त्यासच ठाऊक असतात.

एवढ्यावरून उत्तर असें निघतें कीं, पुनः निघण्याचा अधिकार निगेनें प्राप्त होतो, इच्छेनें नव्हे. परंतु ठाण्याच्या खाडीकांठीं हें उत्तर अपुरें पडतें. येथें कोळ्यानें होडीची निगा राखिली; पण ज्या पाण्यांत ती घालावयाची त्याची निगा कोणी राखिली? नगरांचें मैलापाणी, कारखान्यांचें दूषित पाणी, बांधकामाचा राडारोडा आणि गाळ हीं सर्व या खाडींत येतात. जाळ्यांत मासळीबरोबर प्लास्टिकही येतें. या खाडीचा कांहीं भाग २०१५ मध्यें रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि २०२२ मध्यें खाडीस रामसर यादींत स्थान मिळालें. हें उचितच झालें. ऋतुमानाप्रमाणें परत येणाऱ्या पक्ष्याचा अधिकार आपण मान्य केला. ऋतुमानाप्रमाणें परत निघणाऱ्या होडीचा अधिकार मान्य करणें अजून पुरतेपणीं जमलेलें नाहीं. होडी शाकारली, सांधली, रंगविली, नारळही वाहिला. आणि तरीही कोळ्याचा मुलगा होडीकडे पाठ फिरवून सकाळची गाडी धरीत असेल, तर त्यास आळशी म्हणण्याचा कोणास अधिकार आहे?

मनुष्य आपल्या स्वातंत्र्याची अर्धी सिद्धता स्वतः करूं शकतो. उरलेली अर्धी इतरांच्या हातीं असते. अमात्यांनीं नाविकास सांगितलें कीं, किनाऱ्यावरील झाडाचा धनी विसरूं नको. किनाऱ्यावर राहणाऱ्यांसही उलट बाजूनें तोच नियम लागूं आहे: ज्या पाण्यांत आपण आपलें नको तें सोडून देतों, त्या पाण्यावर कोणाची तरी होडी निघावयाची आहे. होडी सज्ज करणें हें एका घराचें काम आहे; पाणी सज्ज करणें हें सबंध नगराचें आहे, आणि तें पावसाळ्यापुरतें नाहीं.