धंद्याची जाहिरात आणि ख्रिस्ती नम्रता

२५ मार्च २०२० रोजीं करोनाच्या सांथीमुळें देशभर टाळेबंदी सुरू झाली, आणि पोटासाठीं मुंबई-पुण्यास गेलेले पुष्कळ लोक आपापल्या गांवीं परतले. २०२०-२१ सालीं देशाचें एकंदर उत्पन्न घटलें. पुढल्या सालीं तें पुन्हा वाढलें. परंतु देशाचें उत्पन्न वाढलें म्हणून गवंड्याच्या अथवा शिंप्याच्या दारीं काम आपण होऊन येतें असें नाहीं. जुनीं गिऱ्हाइकें दुसरीकडे वळलेलीं असतात. कित्येकांस तर हा कारागीर अद्याप धंद्यांत आहे हेंही ठाऊक नसतें. अशा वेळीं आपल्या मंडळ्यांतील कष्टाळू लोकांपुढें प्रश्न उभा राहतो कीं, ख्रिस्ती मनुष्यानें आपल्या धंद्याची जाहिरात करावी काय? तो गर्व तर होणार नाहीं ना?

हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. नीतिसूत्रांचें पुस्तक आत्मस्तुतीपासून दूर राहण्यास शिकवितें, आणि डोंगरावरील प्रवचनांत प्रभु दानधर्माचा गाजावाजा करणाऱ्यांस दोष देतो. परंतु त्याच प्रवचनांत दिवा मापाखालीं झांकूं नये असाही बोध आहे. हे दोन बोध परस्परविरुद्ध नाहींत. लोकांनीं आपणांस थोर म्हणावें म्हणून गाजावाजा करणें वेगळें, आणि ज्यास उजेडाची गरज आहे त्यास तो मिळावा म्हणून दिवा दिवठणीवर ठेवणें वेगळें.

एखादी विधवा भगिनी उत्तम शिवणकाम जाणते, पण संकोचानें कोणास सांगत नाहीं. इकडे तिचीं लेंकरें अर्धपोटीं राहतात, आणि तिकडे शेजारीण कपडे शिवून घेण्यास तालुक्याच्या गांवीं जाते. तिला दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. पण ह्या मौनानें कोणाचें हित झालें? लुदिया जांभळीं वस्त्रें विकीत असे व पौल तंबू करीत असे, हें प्रेषितांच्या कृत्यांत उघड लिहिलें आहे. प्रामाणिक धंदा ही लपविण्याची गोष्ट नव्हे.

तथापि बोलण्यास मर्यादा आहे. मंदीनंतर गरज मोठी असते, आणि गरजवंतास खोटें बोलण्याचा मोह लवकर होतो. जें काम आठ दिवसांत होणार नाहीं तें चार दिवसांत देऊं, असें फलकावर अथवा मोबाईलवर लिहिणें हें खोट्या तराजूहून निराळें नाहीं. शेजाऱ्याच्या कामास नांवें ठेवून गिऱ्हाईक ओढणें ही खोटी साक्ष होय. आणि मंडळीच्या लोकांनीं आपल्याकडेच यावें म्हणून दुकानावर क्रूस रंगविणें, हें तर प्रभूचें नांव व्यर्थ घेणें होय. क्रूस ही विश्वासाची खूण आहे, दुकानाची पाटी नव्हे.

पीक कापतांना शेताच्या कडा गरिबांसाठीं व परक्यांसाठीं सोडाव्या, अशी आज्ञा लेवीयाच्या १९ व्या अध्यायांत आहे. ज्याचा धंदा आधीं सावरला त्यानेंही ती आपणांस लागू समजावी. आवाक्याबाहेरचें काम आलें, तर ज्याचे हात अद्याप रिकामे आहेत अशा शेजाऱ्याचें नांव त्यानें सांगावें. जो आपलें काम खरेपणानें सांगतो आणि दुसऱ्याचें नांव आनंदानें घेतो, त्याच्या जाहिरातींत गर्वास जागा राहत नाहीं.